३९ खरे की ७२? मुलाच्या मंत्रचळावरचं संशोधन वाचताना

ताई, नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत. दिवाळीपासून तो कोपरापर्यंत हात धुतो. बारापर्यंत आकडे, तीनदा. मध्ये कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. शाळेचं दप्तर पडवीतच ठेवतो, नळ कोपराने बंद करतो. मी टॉवेल घेऊन उभी असते. मग विचारतो, “आई, लागलं का कुठे?” मी म्हणते, “नाही रे लागलं.” दोन मिनिटांनी परत तेच. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलवटली आहे. सासूबाईंना आधी बरं वाटलं, नातू सोवळं पाळतोय म्हणून. आता त्याच म्हणतात, मंत्रचळ लागला.

मिरजेच्या मानसोपचार डॉक्टरांनी ओसीडी सांगितला, म्हणजे हाच मंत्रचळ. आधी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायची बिनगोळीची थेरपी, साधारण चौदा भेटी, गरज पडली तर सर्ट्रालिनची गोळी. माझे दीर पुण्यात आयटीत आहेत. त्यांनी नेटवर वाचून पाठवलं की अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात सीबीटीने फक्त ३९ टक्के मुलं बरी झाली. त्याखालीच नॉर्वेकडचा दुसरा अभ्यास, त्यात ७२ टक्के. दीर म्हणतात, “दोन्हीतलं एक खोटं असणार. गप्पा मारून रोग जातो होय? सरळ गोळी सुरू करा.” दर खेपेला आमचा अर्धा दिवस जातो, एसटीने जायचं. ही थेरपी खरंच सिद्ध झालेली आहे का?
— एक आई

ताई, दिरांनी पाठवलेले दोन्ही आकडे खरे आहेत. कुणीही खोटं बोललेलं नाही. दोन अभ्यासांनी दोन वेगळे प्रश्न विचारले, म्हणून दोन वेगळी उत्तरं आली. मी गेली बावीस वर्षं मुलांबरोबर हेच काम करते आहे. तुमचा प्रश्न मला इतका योग्य वाटला की या वेळी सगळी जागा त्यालाच देते.

आधी ३९ चं बघू. हा आकडा २००४ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासातला आहे. त्याला पॉट्स म्हणतात. ड्यूक, पेनसिल्व्हेनिया आणि ब्राऊन या तीन विद्यापीठांत मिळून ७ ते १७ वर्षांची ११२ मुलं घेतली आणि अठ्ठावीस-अठ्ठावीसचे चार गट केले. कुठलं मूल कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलं असतं तर सौम्य त्रासाची मुलं एका गटात आणि गंभीर दुसऱ्यात जमली असती. एका गटाला नुसती सीबीटी, दुसऱ्याला नुसती सर्ट्रालिन, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी. बारा आठवड्यांनी मोजलं. दोन्ही मिळालेल्या गटात ५३.६ टक्के मुलं बरी, नुसत्या सीबीटीत ३९.३, नुसत्या सर्ट्रालिनमध्ये २१.४ आणि पोकळ गोळीच्या गटात ३.६.

म्हणजे दिरांनी ज्या अभ्यासातून ३९ उचलला, त्याच अभ्यासात त्यांच्या ‘सरळ गोळी’चा आकडा २१ आहे. तो त्यांनी तुम्हाला पाठवला नाही. मुद्दाम लपवला असं मी म्हणत नाही. मथळ्यातला आकडा दिसतो, शेजारचा दिसत नाही, हे शिकल्यासवरल्या माणसांचंही होतं. पण उपचाराचा आकडा एकटा कधी वाचू नका. शेजारच्या गटात काय झालं ते आधी शोधा. इथे पोकळ गोळीवर २८ पैकी एक मूल बरं झालं आणि सीबीटीवर ११. वाट बघून, वय वाढून हा आजार आपोआप जाईल असं कुणी म्हणालं, तर मी त्या एका मुलाकडे बोट दाखवते.

मी मात्र गोळीला पाडायला निघालेली नाही. गटात अठ्ठावीसच मुलं असली की तीन मुलं इकडची तिकडे झाली तरी आकडा दहा टक्क्यांनी हलतो. त्यामुळे सीबीटी आणि सर्ट्रालिन यांच्यातला ३९ आणि २१ हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. दोन्ही मिळून ५४ आणि नुसती सीबीटी ३९, हाही नाही. पक्कं ठरलं ते हे की दोन्ही एकत्र आणि नुसती सीबीटी हे पोकळ गोळीपेक्षा नक्की सरस आहेत, आणि दोन्ही एकत्र हे नुसत्या सर्ट्रालिनपेक्षाही. म्हणून अभ्यास करणाऱ्यांनी शेवटी म्हटलं: सुरुवात सीबीटीने करा, नाहीतर सीबीटी आणि औषध एकत्र सुरू करा. तुमच्या मिरजेच्या डॉक्टरांनी नेमकं हेच सांगितलंय. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २००५ सालची मार्गदर्शक तत्त्वंही हाच क्रम धरतात.

आता ‘बरं’ म्हणजे काय, तिकडे येऊ. सगळी गोम तिथे आहे. हा आजार मोजायला मुलांसाठीची येल-ब्राऊन मोजपट्टी वापरतात. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. दिवसात किती वेळ जातो, किती अडतं, थांबवायला गेलं तर किती जीव कासावीस होतो, असे प्रश्न. पॉट्समध्ये सोळा किंवा जास्त गुणांचीच मुलं घेतली आणि दहा किंवा खाली आलं तरच ‘बरं’ म्हटलं. ही फार कडक अट आहे. अकरावर थांबलेलं मूल त्या ३९ मध्ये मोजलेलं नाही. सीबीटीच्या गटाची सरासरी सुरुवातीला २६ होती, शेवटी १४ झाली. सव्वीस म्हणजे रोज तासन्‌तास त्यात जाणारं, शाळा बुडणारं मूल. चौदावर त्रास उरतो, पण मूल शाळेत जातं, मित्राकडे जातं, जेवणाच्या ताटावर वेळेत बसतं. ३९ टक्के बरी म्हणजे ६१ टक्के वाया, असा हिशोब दिरांनी केला असेल, तर तो चुकीचा आहे.

नॉर्वेकडच्या अभ्यासात मोजमापाची रेघ वेगळी होती. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन मिळून ७ ते १७ वयाची २६९ मुलं होती, २०१५ साली निष्कर्ष आले. सगळ्यांना चौदा आठवडे सीबीटी दिली. १५ किंवा खाली आलेल्या मुलाला ‘प्रतिसाद दिला’ असं धरलं आणि ज्यांनी उपचार पूर्ण केले त्यांच्यात अशी मुलं ७२.६ टक्के निघाली. रेघ दहावर नसून पंधरावर, शिवाय मध्येच सोडून गेलेले या हिशोबात नाहीत. आणि शेजारी तुलनेला दुसरा गटच नव्हता. म्हणून हा अभ्यास ‘सीबीटी गोळीपेक्षा भारी का’ याचं उत्तर देऊ शकत नाही. तरी मला तो फार मोलाचा वाटतो, कारण तो नामवंत विद्यापीठांच्या खास दवाखान्यात झालेला नाही. नेहमीच्या बाह्यरुग्ण विभागांत, तिथल्याच थेरपिस्टना प्रशिक्षण आणि देखरेख देऊन केला. मोठ्या नावांच्या हाताखाली जे जमतं ते साध्या ठिकाणीही जमतं का, हा त्याचा प्रश्न होता. जमलं.

तुलनेचा गट लागतोच कशाला, हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी ओसीडीच्या मुलांना दीर्घ श्वास, शरीर सैल सोडणं, मनातलं बोलणं असंच शिकवत होते. मुलं थोडी सुधारत. आईवडील आभार मानत. मी धरून चालले की माझं काम होतंय. पुढे २०१४ मध्ये ५ ते ८ वयाच्या १२७ लहान मुलांचा अभ्यास आला. अर्ध्यांना कुटुंबासह सीबीटी, अर्ध्यांना कुटुंबासह शिथिलीकरण, म्हणजे मी करत होते जवळपास तेच. सीबीटीत ७२ टक्के मुलं ठळक सुधारली, शिथिलीकरणात ४१. ते ४१ वाचून मी बराच वेळ बसून राहिले. मला दिसत होती ती सुधारणा खोटी नव्हती. पण शेजारी दुसरा गट नसल्यामुळे, याहून कितीतरी जास्त शक्य होतं हे मला दिसलंच नाही. त्या मुलांचे महिने गेले. म्हणून तुम्हाला एवढं फोड करून सांगते आहे.

दीर म्हणतात, गप्पा मारून रोग जातो होय? नाही जात. या बाबतीत ते बरोबर आहेत. या अभ्यासांत जी सीबीटी तपासली गेली ती गप्पांची नव्हतीच. तिचा कणा म्हणजे एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेंशन. ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने हात घालायचा आणि नेहमीची कृती करायची नाही.

ते कसं दिसतं ते सांगते. आधी मुलाबरोबर बसून शिडी काढायची. बाहेरच्या कडीला हात लावणं, भीती दहापैकी तीन. चपलेच्या तळव्याला, सहा. शाळेतून येऊन तसंच गादीवर बसणं, नऊ. हे आकडे मूल ठरवतं, मी नाही. खालच्या पायरीने सुरुवात होते, आणि आधी हात मी लावते. एक मुलगी चपलेच्या तळव्यापर्यंत आली तेव्हाचं आठवतं. आम्ही दोघींनी हात लावला आणि दोघींनी हात आपापल्या गुडघ्यावर ठेवले. धुवायचे नाहीत, फ्रॉकला पुसायचे नाहीत, “लागलं का” विचारायचं नाही. “किती?” म्हटलं तर म्हणाली, “आठ.” पाच मिनिटांनी, “आठच.” मी तिला धीर दिला नाही. ‘काही होणार नाही’ हे वाक्य आम्ही जाणूनबुजून टाळतो, कारण तेसुद्धा एक प्रकारचं हात धुणंच असतं. पंधराव्या मिनिटाला सात. मग तिला माझ्या टेबलावरचा सरडा आकाराचा पेपरवेट दिसला आणि त्याच्याबद्दल विचारायला लागली. परत विचारलं तर थबकून म्हणाली, “पाच असेल.” घरी जाऊन रोज तेच करायचं, हा गृहपाठ. भीती दर वेळी उतरतेच असं नाही. पण न धुता, न विचारता आपण बसू शकलो आणि मनात होतं ते अरिष्ट आलं नाही, हे तिच्या अंगाला कळतं. समजावून ते कळत नाही. तुम्ही त्याला हजारदा समजावलंच आहे.

म्हणून माझी खरी काळजी संशोधनाची नाही. संशोधनात जे तपासलं तेच तुमच्या मुलाला मिळेल का, याची आहे. २०११ मध्ये पॉट्सचा दुसरा भाग आला. औषध चालू असूनही त्रास उरलेली १२४ मुलं होती. एका गटात औषध तेवढंच. दुसऱ्यात औषध देणाऱ्या डॉक्टरांनीच भेटीत सीबीटीच्या थोडक्यात सूचना दिल्या. तिसऱ्यात औषधाबरोबर पूर्ण सीबीटी. प्रतिसाद अनुक्रमे ३०, ३४ आणि ६८.६ टक्के. मधला ३४ परत बघा. आपल्याकडे गर्दीच्या ओपीडीत “बाळ, हात कमी धुवायचे हं” एवढ्या सल्ल्यालाही सीबीटी म्हटलं जातं. ती मिळाली काय आणि न मिळाली काय, जवळपास सारखंच.

पहिल्या पॉट्सच्या पोटातही असंच काहीतरी होतं. नुसत्या सीबीटीचा परिणाम पेनसिल्व्हेनियात ड्यूकच्या जवळपास तिप्पट निघाला. पुस्तिका तीच, भेटींची संख्या तीच. देणारे हात बदलले की फळ बदलतं. गंमत अशी की औषध जोडलेल्या गटात मात्र दोन्हीकडे सारखंच आलं. थेरपिस्ट कितपत मुरलेला आहे याची खात्री नसेल, तेव्हा औषधाची जोड आधार देते, असा मी त्याचा अर्थ लावते.

तेव्हा मिरजेच्या मानसतज्ज्ञांना विचारा. संकोच करू नका, चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. एक्सपोजर करता का, कितव्या भेटीपासून? रोजचा गृहपाठ असतो का? आईवडिलांना आत बसवता का? सुरुवातीला आणि दर काही आठवड्यांनी येल-ब्राऊनचे गुण काढता का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्यांची नोंदणी असते. तीही विचारा. चार भेटी नुसत्या बोलण्यात गेल्या आणि शिडीचं नावही निघालं नाही, तर डॉक्टरांना सांगून दुसरं कुणी शोधा.

या पुराव्यात उणिवा आहेत. त्या झाकून ठेवल्या तर मी दिरांसारखंच केल्यासारखं होईल. सीबीटी घेणाऱ्या मुलाला आपण काय घेतोय ते माहीत असतं, गोळीसारखं लपवता येत नाही. म्हणून गुण काढणारा माणूस वेगळा ठेवतात, ज्याला मूल कुठल्या गटातलं ते सांगितलेलं नसतं. तरी मूल बोलताना चुकून सांगतंच. पॉट्सच्या प्रमुखांपैकी जॉन मार्च आणि एडना फोआ हे स्वतः या उपचाराच्या घडणीतले, आणि आपल्या लेकराची परीक्षा आपणच घेतली की मन जरा झुकतं. मोठं नैराश्य किंवा ऑटिझम असलेली, किंवा टुरेट (अंगाला, आवाजाला झटके येण्याचा आजार) हाच मुख्य आजार असलेली मुलं त्यात घेतली नव्हती, तर आपल्या ओपीडीत येणारी मुलं असे दोन-तीन प्रश्न एकदम घेऊन येतात. काही छोट्या अभ्यासांत तुलनेचा गट नुसता प्रतीक्षायादीवरच्या मुलांचा होता. नुसती वाट बघत बसलेल्याशी तुलना केली की कुठलाही उपचार आहे त्याहून मोठा दिसतो. एवढं सगळं वजा करूनही वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या हातांनी केलेले अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात. बालमानसोपचारात इतकं एकमत फार थोड्या ठिकाणी सापडतं.

एक गोष्ट या अभ्यासांत नाही, कारण ती मुलं बहुतेक गोरी, अमेरिकन किंवा नॉर्वे-स्वीडनकडची होती. त्यांच्या घरात सोवळ्याची काठी नव्हती. तुमच्या सासूबाईंना थेरपिस्टकडे एकदा घेऊन जा. त्यांना तिथे कळू दे की देवाचं सोवळं माणूस पाळतो आणि पूजा झाली की सोडतो, मंत्रचळ मात्र सोडू देत नाही. ‘मंत्रचळ’ हा शब्द त्यांनीच वापरलाय, म्हणजे फरक त्यांना कळलेलाच आहे. एक्सपोजर म्हणजे मुलाला बाटवणं नव्हे. घरातली इतर पोरं सहज जे करतात, चप्पल उचलून ठेवणं, दप्तर आत आणणं, तिथवर त्याला आणायचं.

गोळीबद्दल थोडं. त्रास फार वाढला, शाळा सुटली, किंवा भीतीमुळे तो शिडीवर पायच ठेवेना, तर डॉक्टर सर्ट्रालिन सुरू करतील. ती हार नाही. पॉट्समधली सर्वांत जास्त मुलं दोन्ही एकत्र घेऊनच बरी झाली. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २००४ मध्ये या जातीच्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला, मुलांमध्ये आत्महत्येच्या विचारांकडे लक्ष ठेवा असा. म्हणून सुरुवातीचे आठवडे आणि डोस बदलताना त्याची झोप, चिडचिड, बोलणं याकडे नीट लक्ष द्या, आणि परस्पर बंद करू नका. तसंच चौदा भेटींनी फारसा फरक नाही पडला तरी घाबरू नका. नॉर्वेकडच्या त्याच अभ्यासात मागे राहिलेल्या ५४ मुलांपैकी काहींची सीबीटीच पुढे चालू ठेवली, काहींना सर्ट्रालिनवर नेलं. दोन्हीकडे जवळजवळ निम्मी मुलं त्यानंतर सुधारली.

दर आठवड्याला मिरज जमत नसेल तर मध्ये व्हिडिओ कॉलवर भेटी घेता येतील का ते विचारा. स्वीडनमध्ये २०२१ साली १५२ मुलांवर तपासलं: आधी इंटरनेटवरून सीबीटी आणि ज्यांना ती पुरली नाही त्यांनाच प्रत्यक्ष भेटी, अशी पायरीची व्यवस्था नेहमीच्या प्रत्यक्ष सीबीटीपेक्षा कमी पडली नाही. पण पडद्यामागे माणूस होता, थेरपिस्ट निरोपांना उत्तरं देत होते, पालकांसाठी वेगळे धडे होते. नुसतं ॲप डाउनलोड करून दिलं तर ते वेगळं. मध्येच काही अडलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

राहिला तुमचा टॉवेल. तुम्ही टॉवेल धरता, “नाही रे लागलं” म्हणता, दप्तर पडवीत राहू देता. हे सगळं मायेपोटी होतं आणि आजाराला त्यावरच खायला मिळतं. पण हे वाचून उद्या सकाळी एकदम बंद करू नका, तो कोसळेल आणि तुमच्यावरचा त्याचा विश्वास जाईल. थेरपिस्टसमोर, त्याला बरोबर घेऊन ठरवा की दिवसातल्या कुठल्या एका धुण्याला आई टॉवेल धरणार नाही, आणि “लागलं का” विचारलं तर काय म्हणायचं. “हा प्रश्न तू विचारत नाहीयेस, मंत्रचळ विचारतोय,” असं बऱ्याच घरांत चालतं. पहिल्या भेटीतले येल-ब्राऊनचे गुण एका वहीत लिहून घ्या, तारीख घालून.

आणि दिरांना म्हणावं, पॉट्सचा तक्ता पूर्ण उघडा. २६ आणि १४ हे दोन आकडे त्यातच आहेत.